सुईघरातली रिकामी जागा

माझ्या दोघा मोठ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मला दोन प्रश्न विचारलेत. थोरलीने विचारलं, डिसेंबरच्या सुट्टीत मैत्रिणींना द्यायला कापडाच्या सोप्या वस्तू कशा करायच्या, आणि त्याही विकत काही न आणता. धाकट्याने विचारलं, त्या रात्री बाबा बाळाचं दुपटं कात्रीने का कापत होते आणि फोनमधली आजी का रडत होती. तुमच्या आईने लगेच विषय बदलला. मीही तो बदलू दिला, कारण मला ते एकदम तोंडाने सांगता येईना. पण थोरलीला सुई हातात घ्यायची आहे, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळल्याशिवाय तिने ती घेऊ नये असं मला वाटतं. म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. साताऱ्याला माझी शाळा सगळी इंग्रजी होती. वस्तू जागच्या जागी ठेवायची माझी खोडही तिथलीच, असं तुमचे आजोबा म्हणतात. पण टाका, उसवण, काठ, पदर हे शब्द मला मराठीतच सुचतात. अडेल तिथे बाबांना विचारा.

जागच्या जागी ठेवायची खोड खरं तर शाळेची नाही, आत्याची आहे. माझे वडील फौजेत होते. त्यांची बदली लांब झाली की आई आणि मी साताऱ्याजवळच्या गावी आत्याकडे राहायचो. आत्या वाकळा शिवायची. वाकळ म्हणजे गोधडीच, तिकडे तसं म्हणतात. वडिलांच्या जुन्या खाकी पँटी तिच्या वाकळांत आत जायच्या, त्यामुळे त्या इतक्या जड असायच्या की अंगावर घेतली की हलता यायचं नाही.

एका हिवाळ्यात आत्याच्या गायीने वैरणीतून सुई गिळली. मी लहान होते, पण ती गाय मला अजून दिसते. ती ओरडत नव्हती, पाय झाडत नव्हती. नुसती पाठ कमानीसारखी वर करून उभी राहायची आणि पुढ्यातल्या वैरणीकडे बघायचीही नाही. ती गेल्यावर ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला सुईचं कळलं. ती कुणाची सुई, कधी पडली, कुणालाच सांगता आलं नाही. घरात शिवणाऱ्या चार बायका होत्या.

आत्या मला म्हणाली, "सुई अंगात शिरली की ऱ्हात न्हाई एका जागी. रक्तासंगं काळजाकडं जाती. माणसाचं बी तसंच हाय, ध्यानात ठेव."

तेव्हापासून आत्याच्या घरात एक नियम झाला. उठायचं झालं, कुणी हाक मारली, दूध उतू गेलं, काहीही झालं तरी आधी सुई तिच्या जागी खोचायची आणि मग उठायचं. पदराला खोचायची नाही, उशीला नाही, शिवत असलेल्या कापडाला तर नाहीच. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा मी पांढऱ्या फ्लॅनेलची एक घडी शिवली. तिच्यात प्रत्येक सुईची जागा रंगीत दोऱ्याने आखलेली आहे. तिला मी सुईघर म्हणते. तुम्ही ते पाहिलंय. धाकट्याने एकदा उघडलं होतं आणि ओरडा खाल्ला होता. आजोबा म्हणतात, "हिच्या सुया म्हणजे फौजेतल्या बंदुका. संध्याकाळी हजेरी झाल्याशिवाय कुणाला जेवायला मिळत नाही."

आता दुपट्याकडे येते.

आपल्याकडे मूल जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. मी हे मानत नाही असं सगळ्यांना सांगते आणि पाळते. तुमची धाकटी बहीण येणार हे कळल्यावर मी असाच एक मार्ग काढला. गोधडी करायला घेतली, पण ती कुणासाठी आहे हे ठरवलं नाही. शेजारी ब्लाउज शिवणारी जी बाई आहे, जिला तुम्ही भाभी म्हणता, ती मशीनवरची राहिलेली कापडं घेऊन रोज माझ्याकडे येते. तिने पसरलेलं कापड पाहिलं.

"काकू, ही गोधडी कुणाला?"

"कुणालाच नाही."

"कुणालाच न्हाई, आन एवढीशी? मांजराला हाय काय?"

"मांजराला आहे."

"मग मांजराला पिवळा रंग लय शोभंल बघा," असं म्हणून ती डोळे मिचकावून हसली आणि माझ्यासमोर बसून चिंध्या निवडायला लागली. तिच्याही घरी हीच पद्धत आहे, त्यामुळे तिला सगळं कळलेलं होतं.

खालच्या बाजूला माझी एक मऊ सुती साडी, आत आजोबांचे धुऊन धुऊन विरलेले पंचे, आणि वर पिवळी साडी, असा बेत होता. पंचे जागोजागी फाटले होते. ते आतच जाणार होते, तरी फाटकं तसंच घालायचं नाही म्हणून मी बारीक सुईने ते सांधत बसले होते. तेवढ्यात बाबांचा फोन आला. बाळ झालं. मुलगी. मी सगळं तसंच टाकून उठले.

मग काय, पेढे आणले, गल्लीत वाटले, भाभीने मला मिठी मारली. "मांजर आलं गं बाई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून वरची पिवळी साडी अंथरली आणि मोठ्या जाड सुईने धावदोऱ्याच्या ओळी घालायला घेतल्या. आता लपवायचं काही नव्हतं. गोधडी बाळाची होती आणि घाई होती, कारण ओळखीतला एक मुलगा तिकडे यायला निघाला होता आणि त्याच्या बॅगेत जागा होती.

शेवटचा कोपरा बंद करण्याआधी मी त्यात एक हळकुंड आणि चार अक्षता घातल्या. गोधडी उपाशी मिटायची नाही, तिच्या पोटात घास ठेवायचा, असं आत्या म्हणायची. ती भाकरीचा तुकडा ठेवायची. भाकरीला मुंग्या लागतात, म्हणून मी हळकुंड ठेवते. सांगलीत त्याला काय तोटा!

दुपटं तुमच्याकडे पोचलं. तुमच्या आईने फोन केला.

"आई, किती मऊ आहे हो. ती लगेच झोपली त्याच्यात. पण एका कोपऱ्यात काहीतरी टणक लागतंय हाताला."

"ते हळकुंड आहे," मी म्हटलं. "आपली पद्धत आहे ती. उसवायचं नाही हं."

"नाही उसवत," ती म्हणाली.

माझं ते 'उसवायचं नाही' नंतर मला फार छळणार होतं.

त्यानंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मिरजेला. डॉक्टरांनी दिवाळी होईपर्यंत शिवणकाम बंद केलं. सुईघर कपाटात गेलं.

दिवाळी संपली, नवा चष्मा आला, आणि एका सकाळी मी तुमच्या सुट्टीचं पुडकं करायला बसले. दरवर्षी पाठवते तेच. थोरले, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, म्हणून त्या सकाळी मी टेबलावर काय काय मांडलं होतं ते नीट सांगते.

पहिल्यांदा आजोबांचा जुना शर्ट. शर्ट फाटतो तो कॉलरला आणि बाह्यांना. पाठ नव्यासारखी राहते. पाठीच्या कापडाच्या दोन पोटल्या होतात. पुढची बाजू बटणपट्टीसकट कापली तर उशीचा अभ्रा होतो. तोंड तयार, बटणं तयार, काजं करायची कटकट नाही. तुझ्या मैत्रिणीला तिच्याच बाबांच्या शर्टाचा अभ्रा करून दे, बघ ती काय म्हणते.

दुसरं, साडीचा काठ. साडी विरते, पण काठ विरत नाही. वीतभर काठ कापायचा, दोन्ही टोकं आत दुमडून बारीक टाके घालायचे, पुस्तकात ठेवायची खूण झाली. सगळ्यात सोपं हेच आहे. इथूनच सुरुवात कर.

तिसरं, गरम भांडं धरायचं फडकं. वरून जुनी जीन्स, आत जुन्या टॉवेलचे दोन पदर. यात नायलॉन किंवा चमकणारं कुठलंही कापड घालायचं नाही. ते गरम भांड्याला वितळून चिकटतं आणि हात भाजतो.

चौथं, कपाटात ठेवायची पुरचुंडी. कुठलाही हातरुमालाएवढा तुकडा, त्यात लवंग आणि दालचिनी, वर रिबिनीऐवजी त्याच कापडाची पट्टी.

कापायच्या आधी कापड धुऊन घ्यायचं, म्हणजे नंतर आटत नाही. सरळ कापायचं असेल तर पट्टी घेऊ नकोस. कडेचा एक धागा ओढून काढ, तिथे जी रेघ दिसते तिच्यावरून कात्री चालव. खुणा करायला खडू विकत आणायचा नाही. आंघोळीच्या साबणाची संपत आलेली चपटी वडी ठेवून द्यायची. तिची रेघ बारीक येते आणि धुतली की जाते. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नको, गुंता होतो. गुंतत असेलच तर मेणबत्तीवरून एकदा ओढून घे. आणि प्रत्येक शिवण झाली की इस्त्री. इस्त्री न करता शिवलेली वस्तू कितीही चांगली शिवली तरी शाळेतल्या मुलीने केल्यासारखी दिसते. तू शाळेतलीच मुलगी आहेस, पण ते कशाला कळू द्यायचं?

हे सगळं मांडून मी सुईघर उघडलं.

नव्या डोळ्याने मला ते इतकं स्वच्छ दिसलं की आधी बरंच वाटलं. फ्लॅनेलचा प्रत्येक तंतू दिसत होता. प्रत्येक सुई दिसत होती. आणि बारीक सुयांच्या ओळीत एका जागी सुई नव्हती. तिथे फ्लॅनेलवर फिकट तांबूस रेघ होती, इतकी वर्षं सुई टेकून उमटलेली. दोन बारीक भोकं होती. सुई नव्हती.

मी आधी टेबलाखाली पाहिलं. मग कपाटात, मग सगळे डबे उपडे केले. आजोबा पेपर वाचत होते.

"काय शोधतेस?"

"एक बारीक सुई नाही."

"असेल कुठेतरी. दुसरी घे."

"अहो, शेवटचं शिवलं ते दुपटं."

त्यांनी पेपर खाली ठेवला. उठून तेही माझ्याबरोबर टेबलाखाली वाकले, यावरूनच मला कळलं की तेही घाबरले आहेत. एरवी या माणसाला पेपरवरून उठवणं अवघड आहे.

मी खुर्चीवर बसले आणि त्या दिवशी मी काय केलं ते क्रमाने आठवायला लागले. पंचा मांडीवर. बारीक सुई. निम्मी फाट सांधून झालेली. फोन वाजला. फोन आतल्या खोलीत होता. मी उठले. सुईचं काय केलं? सुईघर बाजूला होतं, पण त्याची घडी घातलेली होती. फोन बाबांचाच असणार होता, आम्ही त्याचीच वाट बघत होतो. मला माझा हात दिसला. त्या हाताने सुई पंच्यालाच टोचली, एक टाका घेतल्यासारखी, आणि मी धावले. ती पुन्हा काढल्याचं मला काही केल्या आठवेना. परत आले तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा होता. सुयांची हजेरी त्या संध्याकाळी राहिली, आणि पुढे मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती रिकामी जागा दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, घाईत उरलेली फाट विसरून, मी आणि भाभीने त्याच पंच्यावर पिवळी साडी अंथरली.

बाळासाठी जन्माआधी शिवायचं नाही, म्हणून ते काम मी कुणाचंच नाही म्हणून करत होते. आणि बाळ झाल्याची बातमी आली त्याच क्षणी सुई त्यात राहिली. हा विचार मी दाबून टाकायचा खूप प्रयत्न केला. शिकलेल्या बाईला तो शोभत नाही. पण तो जाईना.

मग दुसरी गोष्ट आठवली. दोनच दिवसांपूर्वी तुमची आई फोनवर बोलता बोलता म्हणाली होती, बाळाच्या पाठीवर एक लाल ठिपका आलाय, डास चावला असेल. मीही हो म्हटलं होतं. पण तुमच्याकडे तेव्हा थंडी पडली होती. काचा बंद होत्या. डास कुठून येणार?

आमच्याकडे सकाळ म्हणजे तुमच्याकडे रात्र. बाळ त्याच दुपट्यात झोपलेलं असणार होतं.

आजोबांनी बाबांना फोन लावला. वाजत राहिला. मी आईला लावला. वाजत राहिला. बाळ उठू नये म्हणून रात्री तुमच्याकडे सगळ्यांचे फोन मुके असतात, हे मला माहीत होतं; मीच तो सल्ला दिला होता. मी संदेश लिहिला: बाळाला दुपट्यातून लगेच काढा, आत सुई असेल. टिकच्या दोन राखाडी खुणा आल्या. त्या निळ्या होईनात. थोरले, तुझ्या टॅबवरही आम्ही फोन केला. तो दप्तरात होता असं तू नंतर सांगितलंस.

तेवढ्यात भाभी आली. माझं तोंड बघून दारातच थांबली.

"काकू, कोन गेलं?"

मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, पण लगेच काढला.

"आवं, पानी प्या आधी. आपन दोघींनी हात फिरवलाय त्याच्यावरनं. ओळी घातल्या, दाबून बघितलं, घडी घातली. मला तर न्हाई टोचली. तुमाला टोचली काय?"

"नाही."

"मग?"

"आपण जाड सुईने शिवत होतो. तेवढी बारीक सुई हाताला कशी लागेल? ती आत, पदरांत, आडवी गेली असेल. धुतलं की हळूहळू बाहेर येते."

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "रोज धूत असतील का वो?"

लहान बाळाचं दुपटं रोज नाही तर दिवसाआड धुतलंच जातं. तिलाही ते माहीत होतं. तिची तीन मुलं आहेत.

वाट बघणं मला जमत नाही. काहीतरी करायला हवं होतं. आजोबा माळ्यावरून एक बंद पडलेला रेडिओ घेऊन आले आणि त्याचा स्पीकर उघडून त्यातलं लोहचुंबक काढलं. माझ्या डोक्यात तेव्हा हे आलं नव्हतं, त्यांच्या आलं. आम्ही आमच्या पलंगावरची गोधडी घेतली. तिच्या पदरांत मी मुद्दाम तसलीच एक बारीक सुई सरकवली, भाभीने डोळे मिटून गोधडी फिरवली, आणि आजोबांनी तिच्यावरून चुंबक फिरवायला घेतलं. एका जागी ते किंचित अडलं. कापड चुंबकाला चिकटून इवलंसं वर आलं, तंबूसारखं. उसवलं तर सुई तिथेच होती.

"बघ," आजोबा म्हणाले, "सापडते."

पण मला त्यातलं दुसरंच दिसलं. सुई सरकवली होती तिथून ती बरीच लांब गेली होती. भाभीने नुसती दोनदा फिरवली होती गोधडी. तेवढ्यात.

त्यानंतर आम्ही तिघं फोनभोवती बसलो. बाहेर भाजीवाला ओरडत होता, कुणाचातरी बंब तापलेला वास येत होता. माझ्या मनात आत्याची ती गाय उभी होती. पाठ वर केलेली. मला पक्कं माहीत आहे की सुई रक्ताबरोबर काळजाकडे जात नाही. ते मी पुस्तकात वाचलं आहे, तुमच्या बाबांना लहानपणी समजावलंही आहे. त्या सकाळी ते सगळं वाचलेलं कुठे गेलं कोण जाणे. मी आत्याचंच खरं धरून बसले होते, आणि आईला सांगितलेलं ते वाक्य डोक्यात फिरत होतं: हळकुंड आहे, उसवायचं नाही.

अखेर फोन आला तो तुमच्या आईचा. बाळ दुधासाठी उठलं होतं, तेव्हा तिने फोन पाहिला. इतके चुकलेले फोन बघून तिने पहिल्यांदा हेच विचारलं.

"आई, बाबा ठीक आहेत ना?"

तिला वाटलं, आजोबा गेले. मी म्हटलं, ते समोर बसलेत, बाळ कुठे आहे? ती म्हणाली, माझ्या मांडीवर. दुपट्यात? हो, दुपट्यात.

"आधी तिला बाहेर काढ. अलगद. ओढू नकोस."

पुढचं तुम्ही थोडंफार पाहिलंत, कारण दिव्याने आणि आवाजाने तुम्ही दोघंही उठलात. आमचा चुंबकाचा प्रयोग ऐकून बाबांनी दुपटं जेवणाच्या टेबलावर पसरलं. फ्रिजवर लावायची चुंबकं पुरेशी जोरदार नव्हती. मग धाकट्याच्या चुंबकाच्या ठोकळ्यांतला एक त्यांनी आणला. धाकट्या, न विचारता घेतला म्हणून तू रुसलास, ते मला कळलं आहे. आधी त्यांनी हळकुंडाच्या कोपऱ्यावरून फिरवला. काही नाही. ते म्हणाले, "आई, इथे काही नाही." क्षणभर मला वाटलं, वाचलो. मग मी म्हटलं, मधून घे, कडेकडेने, ओळीओळीने. ते घेत गेले. फोन आईच्या हातात होता आणि तो इतका हलत होता की मला कधी टेबल दिसायचं, कधी छत.

मध्याच्या जरा खाली, जिथे बाळाची पाठ येते तिथे, ठोकळा अडला. पिवळं कापड तसंच वर आलं.

बाबांनी कात्री घेतली. मी सांगत होते, ओळ उसव, कापू नकोस. पण त्यांनी कापलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही कापलं असतं. पंच्याच्या आत, दोन ओळींच्या मध्ये, सुई आडवी होती. दोऱ्याचं एक शेपूट अजून तिच्यात होतं, माझंच, पांढरं. टोक वरच्या साडीच्या इतकं जवळ आलं होतं की बाबांनी बोट ठेवलं तर त्यांना लागलं. बाहेर आलेलं नव्हतं. आणखी किती धुण्यांत आलं असतं, हे मी मोजत नाही.

मी रडले ती तेव्हा. भाभीही रडली. आजोबा उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाळाची पाठ दाबून बघितली, पोट बघितलं. काही नाही म्हणाले. ठिपका पुरळाचा असेल म्हणाले. तो कशाचा होता हे खात्रीने कुणीच सांगितलं नाही. चार दिवसांत तो गेला.

नंतर तुमची आई मला म्हणाली, "आई, तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला माहीत आहे. पण ते मी आता तिच्या अंगावर घालू शकणार नाही."

मी म्हटलं, "घालू नकोस." दुसरं काय म्हणणार? तिचं बरोबर आहे. आई मीही होते.

तेव्हापासून मी सुई हातात घेतली नव्हती. तुमचं पुडकं टेबलावर तसंच पडून होतं. शर्ट, काठ, जीन्स, सगळं. भाभी रोज येते, बघते, काही म्हणत नाही. काल मात्र म्हणाली, "काकू, त्या शर्टाची बटनं तरी कापून ठेवू का? का त्येबी मांजराला?" मी बऱ्याच दिवसांनी हसले. आणि मग तुझा प्रश्न आठवला.

म्हणून थोरले, सुरुवात कर. काठाच्या खुणेपासून. पण आधी कापडाचा एक तुकडा घे, त्याच्यावर तुझ्या सुयांच्या जागा आख, आणि फोन कुणाचाही असो, कितीही आनंदाचा असो, आधी सुई तिथे खोच. भेट कागदात गुंडाळायच्या आधी तिच्यावरून धाकट्याचा ठोकळा फिरव. दोन्ही बाजूंनी. धाकट्या, हे काम तुझं. आणि ठोकळा देताना रुसायचं नाही.

आजोबा म्हणतात, हे सगळं मुलांना सांगू नकोस, घाबरतील. थोडं घाबरायलाच हवं तुम्ही. फार नको.

माझ्या सुईघरात ती जागा मी रिकामीच ठेवली आहे. बाबांनी ती सुई फेकून दिली. बाळ सुखरूप आहे. काल फोनवर तिने माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. दुपटं आईने धुऊन, घडी घालून तुमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं आहे. मधून ते कापलेलं आहे, ओळी सुटल्या आहेत, पंचे बाहेर आले आहेत. हळकुंडाचा कोपरा कुणी उसवला नाही. तेवढा शाबूत आहे.